दानपती निमकर सर

मला निमकर सर आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण ते गेल्यापासून टोकियोतल्या निशी-कसाईच्या आमच्या मराठी ग्रुपवर त्यांच्याविषयी जे लिहून येतं आहे ते वाचून माझा माझ्याच आठवणींवरचा विश्वास उडायची वेळ आली आहे. ज्ञानतपस्वी काय, ऋषितुल्य काय. एका गृहस्थाने तर 'दानशूर' असंही लिहिलं. त्याला सरांनी मायक्रोवेव्ह दिलेला नसणार.

आम्हाला दिला होता. जपानमध्ये मोठी वस्तू टाकून द्यायची म्हणजे एक प्रकरण असतं. फोन करून दिवस ठरवून घ्यायचा, कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, पैसे भरून स्टिकर आणायचं, ते वस्तूवर चिकटवायचं आणि ठरल्या सकाळी ती खाली नेऊन ठेवायची. निमकर सरांनी यावर सोपा तोडगा काढला होता. भारतातून नवीन कुटुंब आलं की ते स्वतः चौकशीला जायचे आणि आपल्या घरातली बिघडलेली वस्तू त्यांना देऊन टाकायचे. आमच्या वाट्याला आलेल्या मायक्रोवेव्हची थाळी फिरत नव्हती, त्यामुळे भात एका बाजूने चटका बसेल इतका गरम व्हायचा आणि दुसऱ्या बाजूने गारच राहायचा. माझ्या नवऱ्याने तो त्यांच्या घरून उचलून आणला. सर मागून रिकाम्या हाताने चालत होते आणि भेट आणि देणगी यांतला फरक समजावत होते.

त्यानंतर गणपतीत, हळदीकुंकवाला, स्टेशनच्या जिन्यावर, भेटतील तिथे चारचौघांत विचारायचे, "काय मेघना, आमचा मायक्रोवेव्ह काय म्हणतो?" आम्ही तो केव्हाच स्टिकर लावून खाली ठेवला होता. मी म्हणायची, छान चाललाय, सर.

सर मूळचे सांगलीचे. इथल्या एका विद्यापीठात हिंदी आणि संस्कृत शिकवायला आले आणि राहून गेले. आम्ही बाकीचे आयटीवाले, कंत्राट आहे तोवर इथे, संपलं की पुण्याला नाहीतर दुसरीकडे. ते मात्र इथले जुने. शब्द कुठून कुठे गेले याचा त्यांचा अभ्यास होता, आणि तो अभ्यास खरा होता, हीच तर पंचाईत. पोकळ माणूस असता तर हसून सोडून देता आलं असतं.

त्यांच्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा. आपण वाक्य सुरू केलं की ते अर्ध्यावर असताना त्यांची दोन बोटं वर जायची. थांब, हा शब्द कुठून आला, सांग. आपल्याला सांगता यायचं नाही. येणार नाही हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. मग ते सांगायला लागायचे आणि आपण मुळात काय बोलत होतो ते राहून जायचं. एकदा नव्याने आलेल्या एका बाईने त्यांना फोन केला की मुलाला ताप आहे, इंग्रजी समजणारा डॉक्टर सुचवा. तिने घाबरून फीवर आणि टेम्परेचर असे दोन्ही शब्द वापरले होते. सरांनी तिला आधी त्या दोन शब्दांतला फरक सांगितला, मग दोन्हींची मुळं सांगितली. डॉक्टरांचं नाव शेवटी माझ्या नवऱ्याने पाठवलं.

मी त्यांची विद्यार्थिनी होते, हेही सांगायला हवं. शनिवारी सकाळी ते वॉर्डच्या सभागृहातल्या एका खोलीत जपानी शिकवायचे. नव्याने आलेले इंजिनियर, त्यांच्या बायका, एखादा पीएचडीचा मुलगा, असे आम्ही बसायचो. आज मी कावासाकीच्या एका कंपनीत जपानी क्लायंट आणि पुण्याची टीम यांच्या मधे बसून दोघांना एकमेकांचं समजेल असं करायचं काम करते. त्या नोकरीचा पाया त्यांनीच घातला. फुकट घातला, आणि ते फुकट होतं याचा विसर कुणाला पडू दिला नाही.

वर्गात रेश्मा नावाची नाशिकची मुलगी होती. तिचं लेकरू पाळणाघरात जायचं, तिथल्या जपानी आयांकडून तिने नवऱ्यासाठी 'दान्ना' हा शब्द उचलला होता. एका शनिवारी वाक्य करताना तिने तो वापरला आणि सरांची बोटं वर गेली. पण त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारला नाही. खडू खाली ठेवला आणि टेबलाला टेकून बोलायला लागले.

मूळ शब्द दान, ते म्हणाले. संस्कृतातला. देणारा तो दानपती. बौद्ध भिक्षूंना भात वाढणारा गृहस्थ. भिक्षू चालत चीनला गेले, शब्द त्यांच्या झोळीतून गेला. तिथे त्याचं दोन वाटांनी रूपांतर झालं. अर्थाचं भाषांतर झालं, ते जपानमध्ये 'फुसे' म्हणून आलं, देवळात भटजींना पाकिटात घालून देतात ते. आणि आवाज जसाच्या तसा ठेवला, त्याचा झाला दान्ना. आधी देऊळ पोसणारा यजमान. मग नोकर ज्याचं अन्न खातो तो मालक. मग दुकानाचा शेठ. मग गेइशाचा खर्च उचलणारा. आणि शेवटी घरोघरचा नवरा. दक्षिणेकडे हाच शब्द जावा-सुमात्राला जाऊन 'दाना' झाला, तिथे त्याचा अर्थ निधी. थायलंडात भिक्षा. इकडे त्याच धातूची लॅटिनमधली बहीण 'डोनुम', तिच्यापासून इंग्रजी डोनर. आणि तो डोनर अलीकडे जपानीत 'दोना' होऊन आला. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं, एक चीनच्या वाटेने आलं, दुसरं युरोपला वळसा घालून, आणि आता टोकियोत शेजारीशेजारी राहून एकमेकांना ओळखत नाहीत.

मग म्हणाले, सोंगट्यांच्या खेळात आपल्याकडे दान पडतं, ते दान हेच की वेगळं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही, मी शोधतो आहे. हे बोलताना त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला. मी वही मिटून ऐकत होते. त्या अर्ध्या तासात हा माणूस मला आवडत नाही हे मी साफ विसरले होते.

मग ते रेश्माकडे वळले. "म्हणजे काय, दान्ना म्हणजे देणारा. तुमचे हे तुम्हाला देतात म्हणून ते दान्ना. आता तुम्ही सांगा, तुम्ही त्यांना काय देता?"

वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. रेश्मा पुस्तकात बघत बसली आणि पुढच्या शनिवारपासून आलीच नाही. मी सरांकडे विषय काढला तर म्हणाले, प्रश्नाला घाबरणारे विद्यार्थी मला नकोत.

वर्गात सगळ्यात मागे सुलभाकाकू बसायच्या, सरांच्या पत्नी. मधल्या सुटीत थर्मासमधून सगळ्यांना चहा द्यायच्या, कप गोळा करायच्या, खोली बंद करायच्या. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. हे मला त्यांच्याकडून कळलं नाही, सांगलीच्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. इथे इतकी वर्षं काढून त्यांना जपानी येत नाही, असं सर सगळ्यांना सांगायचे. सुलभाला भाषेचं अंग नाही. काकू ते ऐकून कप विसळत राहायच्या.

अंग कसं राहील? एकदा मी त्यांच्याबरोबर भाजीच्या दुकानात होते. काकूंनी काउंटरवरच्या मुलीला मुळ्याचा भाव विचारला, अगदी बरोबर विचारला. सरांनी तिथल्या तिथे त्यांना थांबवून तेच वाक्य अधिक आदरार्थी रूपात म्हणून दाखवलं आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. मागे रांग होती. ती मुलगी बिचारी दोघांनाही कमरेत वाकून नमस्कार करत होती. त्यानंतर काकू दुकानात फक्त बोट दाखवायच्या.

आमच्या घरी ती दोघं जेवायला आली होती तेव्हाचं तर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी आमटी वाढत होते, काकूंनी वाटी थोडी पुढे सरकवली. मी विचारलं, काकू, अजून घालू? सर भात कालवता कालवता म्हणाले, तिला नको. काकूंनी वाटी मागे घेतली. माझ्या नवऱ्याला यात काही वावगं दिसलं नाही. तो म्हणाला, अगं, असतात जुन्या पिढीत अशी माणसं. असतात ना. म्हणून काय झालं?

सरांना साखरेचा त्रास होताच. पुढे मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. इथे जिवंत माणसाची किडनी जवळच्या नातलगाकडूनच घेतात, आणि नवराबायकोचा रक्तगट जुळला नाही तरी आता चालतं. हे सगळं सरांनी आम्हाला कुणाच्या तरी बारशाला सांगितलं, हातात सरबताचा ग्लास घेऊन. आणि शेवटी म्हणाले, "सुलभा देणार आहे."

उद्या कोणती गाडी पकडायची ते सांगावं तसं म्हणाले. बायकांनी काकूंना गराडा घातला. धन्य आहे तुमची, एक म्हणाली. दुसरीने तिथेच ओटी भरायची भाषा सुरू केली. मी काकूंकडे पाहिलं. त्या बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत होत्या. नाही म्हणाल्या नाहीत. हो म्हणतानाही मी त्यांना ऐकलं नाही.

इथून पुढचं मी लिहिते आहे ते काकूंना विचारून. त्या आता सांगलीला असतात. फोनवर म्हणाल्या, लिही की, फक्त मला बिचारी करू नकोस.

प्रत्यारोपणाआधी इथल्या इस्पितळात एक मुलाखत असते. त्या उपचाराशी ज्याचा काही संबंध नाही असा डॉक्टर, किडनी देणाऱ्या माणसाला एकट्याला बसवून विचारतो की तुम्ही हे स्वतःच्या मनाने करता आहात ना. सरांचा बेत होता की काकूंना जपानी येत नसल्यामुळे आपणच शेजारी बसून दुभाष्याचं काम करावं. ज्याला किडनी हवी आहे तोच देणाऱ्याच्या वतीने बोलणार, यात आपण काही गैर करतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. आयुष्यभर तेच करत आले होते. इस्पितळाने नम्रपणे नकार दिला. नातलग चालणार नाही, बाहेरचा दुभाषी हवा. तेव्हा सरांनी माझं नाव सुचवलं. मी वॉर्डच्या वैद्यकीय दुभाष्यांच्या यादीत होते, आणि शिवाय त्यांची विद्यार्थिनी.

आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, काकूंची काळजी घे म्हणतील. म्हणाले, "हे बघ मेघना, ते लोक 'तेइक्यो' हा शब्द वापरतील. त्याचा शब्दशः अर्थ पुरवठा. तू पुरवठा म्हणू नकोस, कानाला फार वाईट लागतं. दान म्हण. अवयवदान. सुलभा हो म्हणेल, त्याची काळजी नाही. भाषांतर तेवढं नीट झालं पाहिजे."

मी रात्रभर त्या एका शब्दाशी झगडत होते म्हटलं तरी चालेल. जपानी शब्द कोरडा होता, पण त्यात नाही म्हणायला जागा होती. पुरवठा करणार का, तर नाही करणार. मराठीत दान म्हटलं की नकार देणारा आपोआप कंजूष ठरतो. दान करणार का, असं बायकोला विचारल्यावर तिने काय म्हणावं? शेवटी मी ठरवलं की दान नाही आणि पुरवठाही नाही. साधं विचारायचं, किडनी द्यायची आहे का?

खोली लहान होती. टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधी सांगितलं की इथे बोललेलं कुठेही जाणार नाही. तुम्हाला द्यायची नसेल तर आम्ही तुमच्या पतीला एवढंच सांगू की वैद्यकीय कारणामुळे तुमची किडनी घेता येत नाही. कारण काय, ते सांगणार नाही. मी ते मराठीत सांगितलं. काकूंनी मान हलवली. मग बाईंनी प्रश्न विचारला, आणि मी तोंड उघडायच्या आत काकूंनी उत्तर दिलं.

"इया देस," त्या म्हणाल्या.

नको, असं. मला नको आहे. जपानी माणूस अनोळखी माणसासमोर हे इतकं सरळ बोलत नाही. सर असते तर त्यांनी नक्की थांबवलं असतं आणि त्याचं सभ्य रूप म्हणवून घेतलं असतं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कारण सांगायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या, आणि काकूंनी तेही माझ्याशिवाय समजून घेतलं आणि तरी बोलल्या. जपानीत बोलल्या, तुटक, चुकत, पण कुणाची मदत न घेता. सर विद्यापीठात गेले की त्या खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंबरोबर कुंड्यांचं बघायच्या, रोपं बदलायच्या, तिथे बोलायला शिकल्या होत्या. मला ते त्या खोलीत कळलं. दुभाषी म्हणून मी तिथे बसून होते आणि माझं काही काम नव्हतं.

शेवटचं मात्र त्यांनी मराठीत सांगितलं, माझ्याकडे बघून. "ह्यांनी विचारलं असतं ना, तर मी दिली असती गं. खरंच दिली असती. पण विचारलंच नाही. मला ते बारशाला कळलं, तुमच्याबरोबर."

हे मी भाषांतर करून सांगितलं. काकूंचं तेवढंच बोलणं मी त्या दिवशी भाषांतरित केलं.

दोन-चार दिवसांनी इस्पितळाने सरांना कळवलं की वैद्यकीय कारणाने पत्नीची किडनी घेता येणार नाही. संध्याकाळी मला फोन. आत काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, ते सांगता येत नाही, नियम आहे. मला भीती वाटली की आता ओरडतील. मग म्हणाले, "तेइक्योचं काय केलंस?"

"देणं म्हटलं, सर."

"साधं आहे," ते म्हणाले. "चालेल." आणि फोन ठेवला. त्यांनी केलेलं माझं तेवढंच कौतुक.

डायलिसिस सुरू झालं. इथे ते उत्तम होतं, माणसं त्यावर वर्षानुवर्षं काढतात, नोकऱ्या करतात. सरांनीही काढली. दिवसाआड क्लिनिकमध्ये जायचे, हातात सुया टोचून घेऊन पडल्या पडल्या नर्सेसना डायलिसिसच्या जपानी शब्दातल्या चिनी अक्षरांचे अर्थ समजावायचे. त्या हो हो म्हणून पळ काढायच्या. काकू त्यांना तिथे सोडायच्या आणि ते सुटेपर्यंतचा वेळ त्यांचा स्वतःचा असायचा. नदीच्या बांधावर फिरायच्या, कधी माझ्याकडे यायच्या, येताना कसल्यातरी झाडाचं कटिंग ओल्या कागदात गुंडाळून आणायच्या. त्या खोलीविषयी आम्ही कधी बोललो नाही. सरांचं पथ्यपाणी त्यांनी इतकं चोख सांभाळलं की मला राग यायचा. पालेभाजी उकळून पाणी टाकून दे, फळं मोजून दे, आणि वर सरांची टीका ऐक की चव नाही.

आता शेवटचा प्रसंग. दिवाळीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने सरांचं व्याख्यान ठेवलं, विषय अर्थातच 'दान: एका शब्दाचा प्रवास'. वॉर्डचं भाड्याचं सभागृह, बाहेर टेबलावर फराळ, मागच्या रांगांत मुलं आपापसांत जपानीत कुजबुजत होती. सर खुर्चीवर बसून बोलले. हडकले होते, आवाज मात्र तसाच. तेच सगळं, भिक्षू, चीन, शेठ, गेइशा, लॅटिनमधली बहीण. आणि मी पुन्हा ऐकत राहिले, कारण ते ऐकण्यासारखंच होतं. सोंगट्यांच्या दानाचा उलगडा अजून झाला नव्हता. तसं त्यांनी कबूल केलं.

मग प्रश्न. एका तरुण मुलाने भाबडेपणाने विचारलं की सर, तुम्ही स्वतः ट्रान्सप्लांटचा विचार नाही केला का?

सर हसले. उठून उभे राहिले, माइक हातात घेतला. म्हणाले, देण्याची इच्छा होणं हेच खरं दान, वस्तू पोचली की नाही हा पुढचा भाग. या सभागृहात एक दात्री बसलेली आहे. तिने दिलं होतं, वैद्यकशास्त्राला ते घेता आलं नाही. "सुलभा, उभी राहा."

काकू उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्या, खूप झाल्या, काही बायका डोळे पुसत होत्या. मी काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर होते, माझे हात मांडीवरच राहिले. काकूंनी टाळ्या पूर्ण थांबू दिल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी दिलं नव्हतं. मला ह्यांनी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी नको म्हणाले."

मागे एका मुलाने आईला जपानीत काहीतरी विचारलं आणि आईने त्याला गप्प केलं. मी सरांकडे बघत होते. मला वाटलं होतं, हा माणूस आता कोसळणार. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून."

ठाऊक असणारच. इथली माणसं कारण न सांगता नुसतं कारण आहे म्हणतात तेव्हा काय समजायचं, ते मीच त्यांच्याकडून शिकले होते. आता ग्रुपवर काहींचं म्हणणं असं की ठाऊक असूनही सरांनी बायकोला चारचौघांत झाकून घेतलं, यालाच मोठेपणा म्हणतात. मला नाही पटत. झाकायचंच होतं तर गप्प बसता आलं असतं. त्या बाईने सबंध संसारात स्वतःचा असा एक नकार दिला, आणि यांनी त्याचाही होकार करून तिला टाळ्यांसाठी उभं केलं. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी कमी झाला नाही, वाढला. आजही तेवढाच आहे.

पण काकू खाली बसत नव्हत्या. दोघं एकमेकांकडे बघत होती, मधे आमच्या रांगा. सरांच्या हातात माइक तसाच होता, त्यामुळे ते पुढे जे बोलले ते मुळात आम्हाला ऐकवायचं होतं की नाही कोण जाणे.

"का?" त्यांनी विचारलं.

"घरी सांगते," काकू म्हणाल्या आणि बसल्या.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. सरांनी तिला माइक दिला नाही. तिने आपलं बिनमाइकचंच म्हटलं, लोक उठले, फराळाकडे निघाले, जाता जाता वळून बघत होते. मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या मुलाला घरी न्यायचं होतं म्हणून मीही निघाले. दारातून पाहिलं तर सर अजून तिथेच उभे होते, खाली न बघता, समोरच्या एका खुर्चीकडे बघत. स्वतः विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नाही, अशा अवस्थेत मी त्यांना पहिल्यांदा बघत होते, आणि शेवटचंही.